चेहरा झाकून भागत नाही: लैंगिक हिंसाचारावरील माहितीपटाच्या प्रकल्प नोंदी

लांबी ५२ मिनिटं. पाच मुलाखती. तीन बलात्काराच्या प्रकरणांतल्या, दोन नवऱ्याच्या मारहाणीच्या. मुलाखतींना क, ख, ग, घ, च ही अक्षरं दिली आहेत. खरी नावं या वहीत नाहीत आणि पुढेही लिहायची नाहीत.

६ जानेवारी २०२५

वकिलांसोबत पहिली बैठक, कॅमेरा ठरवण्याच्याही आधी. भारतीय न्याय संहितेचं कलम ७२, म्हणजे जुन्या दंड संहितेतलं २२८-अ. कलम ६४ ते ७१ खालच्या गुन्ह्यांत पीडितेचं नाव किंवा तिची ओळख उघड करू शकेल असा कुठलाही मजकूर प्रसिद्ध केला तर दोन वर्षांपर्यंत कैद आणि दंड. बहुतेक जण 'नाव' या शब्दापाशी थांबतात. खरी मेख 'कुठलाही मजकूर' यात आहे. निपुण सक्सेना खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने ११ डिसेंबर २०१८ रोजी हे आणखी स्पष्ट केलं: दूरान्वयानेही ओळख पटेल असा तपशील द्यायचा नाही, आणि पीडिता हयात नसेल तरी केवळ नातेवाइकांच्या संमतीवर नाव छापता येणार नाही. सज्ञान स्त्री स्वतः लेखी परवानगी देऊ शकते, तो तिचा हक्क.

ग घटनेच्या वेळी अल्पवयीन होती, आता सज्ञान आहे. वकिलांचा सल्ला: पॉक्सो, म्हणजे बालकांना लैंगिक गुन्ह्यांपासून संरक्षण देणारा कायदा, त्याचं कलम २३ लागू आहे असंच धरून चाला. त्यात नाव, पत्ता, छायाचित्र, कुटुंबाची माहिती, शाळा, शेजार हे सगळं येतं, आणि परवानगी विशेष न्यायालयच देऊ शकतं, तेही लेखी कारण देऊन आणि बालकाच्या हिताचं असेल तरच. कर्मचाऱ्याने केलेल्या चुकीला प्रकाशक किंवा मालकही तेवढाच जबाबदार. म्हणजे संकलकाच्या सहायकाकडून एक फ्रेम निसटली, तरी निर्माता हात झटकू शकत नाही.

आता कायद्यातली पोकळी. विनयभंग (कलम ७४), हुंडाबळी (८०), नवऱ्याकडून वा सासरच्यांकडून क्रूरता (८५), ॲसिड हल्ला (१२४) यांना कलम ७२ चं संरक्षण नाही. नवऱ्याने केलेली जबरदस्ती, पत्नी १८ वर्षांखालची नसेल तर, कलम ६३ च्या अपवादामुळे बलात्कारच ठरत नाही. त्यामुळे घ आणि च यांची ओळख जपण्याची सक्ती कायदा करत नाही. प्रकल्पाचा नियम म्हणून पाचही मुलाखतींना सारखंच संरक्षण द्यायचं ठरलं. कायदा जिथे गप्प आहे तिथे धोका कमी असतो असं नाही. उलट आरोपी त्याच घरात राहत असतो.

९ जानेवारी

खटल्याच्या बाबतीत दोन गोष्टी. बलात्काराचे खटले बंद दालनात चालतात आणि त्यांचं कामकाज न्यायालयाच्या परवानगीशिवाय प्रसिद्ध करता येत नाही (न्याय संहितेचं कलम ७३, नागरिक सुरक्षा संहितेचं म्हणजे फौजदारी खटल्यांच्या कार्यपद्धतीच्या कायद्याचं ३६६). उच्च वा सर्वोच्च न्यायालयाचा निकाल मात्र प्रसिद्ध करता येतो. उद्धृत करायला तोच वापरायचा, आणि त्यातही ओळखीचे तपशील गाळून.

खचा खटला चालू आहे. तिला घटनेबद्दल कॅमेऱ्यासमोर एकही प्रश्न विचारायचा नाही. माहितीपट करणाऱ्याला कच्चं चित्रीकरण न्यायालयापासून राखून ठेवण्याचा वैधानिक हक्क नाही, ते मागवलं जाऊ शकतं. मग कॅमेऱ्यासमोरचं वाक्य आणि साक्षीतलं वाक्य यात तारखेचा जरी फरक पडला, तरी बचाव पक्ष तो धरून बसणार. खशी बोलायचं ते पोलीस ठाण्यातल्या बाकावर घालवलेल्या तासांबद्दल, तारखांना जाण्याच्या खर्चाबद्दल, गावात कोण बोलायचं थांबलं त्याबद्दल. चित्रपटाला हेच जास्त लागतं.

२० जानेवारी

संमतीचा मसुदा. एकदाच सही घेऊन मोकळं व्हायचं नाही. चार टप्पे: मुलाखतीआधी, मुलाखत संपल्यावर, कच्चं संकलन दाखवल्यावर, प्रदर्शनापूर्वी. चित्रसंकलन कायम होईपर्यंत कारण न देता माघार घेता येईल, आणि त्यानंतर काय काढता येईल व काय नाही, हेही आधीच सांगायचं.

मसुद्यातलं पहिलं वाक्य वकिलांनी बदलून घेतलं. 'तुम्ही सांगाल ते गुप्त राहील' असं म्हणता येत नाही. पॉक्सोच्या कलम १९ नुसार बालकावरच्या अत्याचाराची माहिती मिळालेल्या कुठल्याही व्यक्तीने ती पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवल्यास कलम २१ खाली शिक्षा. बोलता बोलता धाकट्या बहिणीबद्दल काही निघालं तर गप्प बसता येणार नाही, हे तिला बोलण्याआधी माहीत असायला हवं.

सहीचा कागद हाच ओळखीचा सगळ्यात मोठा पुरावा. तो चित्रीकरणाच्या पिशवीत फिरता कामा नये. ओळख उघड करायची नसेल तिथे तोंडी संमती फक्त आवाजात ध्वनिमुद्रित करायची, अक्षराच्या नावाने, वेगळ्या ड्राइव्हवर. अक्षर आणि नाव यांची जोडी एकाच कागदावर, तो वकिलांच्या कपाटात.

मुलाखतीचे पैसे नाहीत. प्रवासखर्च आणि बुडालेली मजुरी द्यायची, तीही बोलण्यापूर्वी. बोलून झाल्यावर दिली की ती बोलण्याची किंमत वाटते.

२७ जानेवारी

संपर्काचे नियम. घ आणि च यांचे फोन घरातले इतर लोक हाताळतात. व्हॉट्सॲपवर काहीही पाठवायचं नाही. ठरलेल्या वारी, ठरलेल्या वेळी साधा कॉल, स्त्री सहकाऱ्याकडूनच. दुसऱ्याने उचलला तर शिवणकामाच्या वर्गाची चौकशी करून ठेवायचा. घरी जायचं नाही. गल्लीत अनोळखी गाडी आणि त्यातून उतरलेलं ट्रायपॉड, एवढं संध्याकाळच्या मारहाणीला पुरतं. मुलाखतीची जागा तिसरीच, जिथे ती एरवीही जाऊ शकते आणि जिथून ती कधीही उठून जाऊ शकते.

११ फेब्रुवारी

प्रकाशयोजनेची चाचणी, सहायकाला खुर्चीत बसवून. मागे उजळ खिडकी, चेहरा काळा, ही नेहमीची मांडणी. मॉनिटरवर चेहरा काळाभोर दिसतो म्हणून निर्धास्त होता येत नाही. लॉग प्रोफाइलमध्ये (म्हणजे उजेड आणि सावली दोन्हींतला तपशील जास्तीत जास्त साठवणारी कॅमेऱ्याची मांडणी), दहा बिटमध्ये चित्रित केलेली क्लिप रंगसंस्काराच्या सॉफ्टवेअरमध्ये घेऊन सावल्या पूर्ण उचलल्या की नाक, ओठ, कपाळावरची टिकली सगळं वर येतं. भिंती पांढऱ्या असल्या तर आणखीच, कारण खिडकीचा उजेड त्यांच्यावरून परतून चेहऱ्यावर पडतो.

उपाय असा ठरला:

१. चेहऱ्याच्या दोन्ही बाजूंना साधारण एक मीटरवर काळं कापड. परतणारा उजेड तिथेच मरतो.

२. चेहरा आणि पार्श्वभूमी यांत निदान सहा स्टॉपचा फरक (एक स्टॉप म्हणजे उजेड दुप्पट किंवा निम्मा), लाइट मीटरने मोजून.

३. लॉग बंद. साधी प्रोफाइल, आठ बिट, काळेपणा खाली दाबलेला. एरवी टाळतो ते सगळं इथे मुद्दाम करायचं, म्हणजे सावलीत माहितीच उरत नाही.

४. बोलणारी बसण्याआधी चाचणी क्लिप लॅपटॉपवर उचलून बघायची. काही दिसलं तर मांडणी पुन्हा.

एवढं करूनही बाजूने दिसणारी आकृती ओळखू येते. नाकाची रेघ, अंबाडा, पदर घेण्याची तऱ्हा घरच्या माणसाला पुरेशी असते. कॅमेरा पाठीमागून, खांद्याच्या तिरप्या रेषेत.

मग परावर्तन. खोलीत बंद टीव्ही होता. त्याच्या काळ्या पडद्यात बसलेल्या माणसाचा चेहरा समोरून, स्वच्छ दिसत होता. कॅमेऱ्यामागे उभं राहून ते कळत नाही, फोकस मागे सरकवला की कळतं. आता प्रत्येक जागी फोकस मागच्या वस्तूंवर नेऊन एकदा पूर्ण चौकट तपासायची: टीव्ही, कपाटाचा आरसा, खिडकीची काच, तसबिरी, स्टीलची भांडी, चष्मा.

१४ फेब्रुवारी

हातांचे शॉट काढून टाकले. एकमेकांत गुंतलेली बोटं, पदराचं टोक पिळणं, हे इतक्या वेळा येऊन गेलंय की बघणारा आता त्यात माणूस शोधत नाही. शिवाय हात चेहऱ्याइतकेच बोलके असतात. गोंदण, भाजल्याचा डाग, वाकडं बोट, बांगड्यांची जोडणी. गावातल्या कुणालाही एवढ्यावरून नाव सांगता येईल. आवाजावर चित्र लागेल तिथे रस्ते, सार्वजनिक कचेऱ्यांचे व्हरांडे आणि वाट बघण्याच्या जागा, आणि त्याही दुसऱ्या जिल्ह्यात चित्रित केलेल्या.

२४ फेब्रुवारी ते ६ मार्च

मुलाखती झाल्या. प्रत्येक वेळी खोलीत चारच माणसं: बोलणारी, विचारणारी, समुपदेशक, कॅमेऱ्यावरची सहकारी. पाऊण तासानंतर थांबायचं, हे घड्याळ समुपदेशकाच्या हाती. थांबवण्याची खूण बोलणारीने स्वतः ठरवलेली. ती आली की कॅमेरा बंद, आणि दिवा बंद झालेला तिला दाखवायचा.

प्रश्नांचा क्रम महत्त्वाचा. सुरुवात आजच्या दिवसापासून, शेवटही आजच्या दिवसापाशी. मध्येच कुठेतरी मागे जायचं, तेही ती नेईल तितकंच. 'तेव्हाच का नाही सांगितलं?', 'त्या वेळी काय घातलं होतं?', 'नेमकं काय केलं त्याने?' हे तीन प्रश्न यादीतून खोडले आहेत. पहिले दोन तिच्यावर ठपका ठेवतात आणि तिसऱ्याचं उत्तर चित्रपटात वापरायचंच नाही. तारखा पुढेमागे होणं, मधलाच तुकडा न आठवणं हे आघातात होतंच. तिथे टोकून दुरुस्त करायला लावायचं नाही. क्रम नंतर कागदपत्रांवरून लावता येतो.

मुलाखतीनंतर दोन दिवसांनी आणि पुन्हा दोन आठवड्यांनी समुपदेशकाचा फोन. त्रास बहुधा त्याच दिवशी होत नाही, रात्री उशिरा किंवा पुढच्या आठवड्यात वर येतो.

१० मार्च

साठवण. कच्चं चित्रीकरण परवलीच्या शब्दाशिवाय न उघडणाऱ्या दोन सांकेतिक ड्राइव्हवर (वेराक्रिप्ट हे सॉफ्टवेअर वापरून), दोन वेगळ्या इमारतींत, परवलीचा शब्द दोघींकडे. कार्ड रिकामी करण्याआधी दोन्ही प्रतींचा शा-२५६ हॅश, म्हणजे फाइलचा ठसा असलेला आकडा, जुळवायचा. क्लाउडवर काहीही नाही. फोनने काढलेले सेटवरचे फोटोसुद्धा नाहीत, कारण फोन ते गुपचूप वर चढवतो आणि त्यात जीपीएस असतो. आवाजाचं लिखाण ऑनलाइन यंत्राला द्यायचं नाही, कानाने ऐकून हाताने करायचं.

संकलकाला मूळ क्लिप दिलेल्या नाहीत. आधी झाकलेल्या, कमी आकाराच्या प्रती बनवल्या आणि त्याच संकलन कक्षात गेल्या. तिथे पाहुणे येतात, पडदा मोठा असतो, खिडकी उघडी असते. फाइलची नावं अक्षर आणि क्रमांक. फोल्डरचं नाव गावाचं ठेवलं तर ते प्रकल्प फाइलच्या पोटात पत्त्यासारखं जाऊन बसतं आणि फाइल जिथे जाईल तिथे सोबत जातं.

२ एप्रिल

आवाज. पट्टी चढवून वा उतरवून बदललेला आवाज सुरक्षित नसतो. चार सेमीटोन (अर्धे सूर) खाली नेलेला आवाज चार सेमीटोन वर नेला की मूळच्या जवळ पोहोचतो, आणि ते करायला फुकटचं सॉफ्टवेअर पुरतं. शिवाय बोलण्याची लय, अडखळणं, ठरावीक शब्द तसेच राहतात. म्हणून पाचही निवेदनं दुसऱ्या स्त्रियांच्या आवाजात पुन्हा ध्वनिमुद्रित होतील आणि सुरुवातीच्या पाटीवर तसं लिहिलेलं असेल.

पद्धत: शब्दशः लिखाण, श्वास आणि थांबे सेकंदांत नोंदवून. ओळख देणारे शब्द बदलून तो मजकूर बोलणारीला वाचून दाखवायचा, ती 'हे माझंच आहे' म्हणाली तरच पुढे. आवाज देणारीला मूळ ध्वनिमुद्रण ऐकवायचं नाही, दिग्दर्शिकेने मजकूर वाचून दाखवायचा.

बोलीचा प्रश्न यातला सगळ्यात अवघड. 'करून राहिली' म्हटलं की विदर्भ आला, 'शे' म्हटलं की खानदेश. पुस्तकी मराठीत घातलं तर बाई खोटी वाटते, शाळेतला उतारा वाचल्यासारखी. क्रियापदांचे प्रादेशिक रूप काढलं, वाक्याची ठेवण आणि म्हणी तशाच ठेवल्या. 'माणूस बाहेर गेला की भिंतीसुद्धा श्वास घेतात' हे 'च'चं वाक्य जसंच्या तसं आहे, त्याला हात लावायची कुणाची छाती नाही.

४ एप्रिल

ध्वनिमिश्रणाला फाइल पाठवताना आवाजाच्या तुकड्यांना मागेपुढे दोन-दोन सेकंदांचे हँडल, म्हणजे कापलेल्या भागाचे जादा तुकडे, जोडले जातात. टाइमलाइनवर म्यूट करून ठेवलेला कॅमेऱ्याचा मूळ आवाजही त्यांच्यासोबत जातो. म्हणजे चित्रपटात नसलेला खरा आवाज स्टुडिओच्या संगणकावर पोहोचतो. म्यूट पुरेसं नाही. मूळ ट्रॅक टाइमलाइनवरून उडवायचा, नवी प्रकल्प फाइल करायची, हँडल शून्य.

पार्श्वध्वनीही बदलायचा. मुलाखतीमागे दूरवर एसटी स्थानकाची घोषणा ऐकू येते, हेडफोनवर गावाचं नावही कळतं. शांत खोलीचा आवाज दुसरीकडे जाऊन एक मिनिट मुद्रित केला आणि सगळीकडे तोच पसरला.

१८ एप्रिल

ओळखतक्ता. प्रत्येक निवेदनातला प्रत्येक तपशील एका ओळीत: काय म्हटलंय, ते किती जणांना लागू पडतं, कशाला जोडलं तर माणूस सापडतो, ठेवायचं, बदलायचं की गाळायचं. 'क'च्या निवेदनातला नमुना:

'वडील पोस्टमन': गावात एकच पोस्टमन. गाळलं, 'वडील नोकरीला' केलं.
'आम्ही तिघी बहिणी': एकटं निरुपद्रवी. ठेवलं, पण पुढचा तपशील पाहून पुन्हा तपासलं.
'पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी': वर्ष कळलं तर तारीख निघते, तारखेवरून जुनी बातमी निघते. 'पावसाळ्यात' केलं.
'मोठीचं लग्न मोडलं': तिघी बहिणींना जोडलं की घर सापडतं. गाळलं.

एकेक तपशील वरवर साधा दिसतो, दोन-तीन एकत्र आले की घर सापडतं. बातम्या हा जुळणीचा सर्वांत मोठा साठा. पोलिसांच्या माहितीवरून आलेल्या चार ओळींतही वय, तालुका आणि तारीख असते. म्हणून तक्ता झाल्यावर त्याच जिल्ह्यातल्या, प्रकल्पाबाहेरच्या पण भरवशाच्या पत्रकाराला मजकूर आणि दोन तास दिले: शोधून दाखव. ख सापडली, आरोपीच्या हुद्द्यावरून. हुद्दा गेला.

आरोपीबद्दलही हेच. नाव घेता येईल का, हा प्रश्न आधी तिच्या बाजूने विचारायचा. एनसीआरबीच्या (राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या) अहवालांत बलात्काराच्या नव्वद टक्क्यांहून अधिक प्रकरणांत आरोपी ओळखीचा असतो. बाप, काका, शेजारी, मास्तर. त्याचं नाव म्हणजे तिचं नाव.

५ मे

कागदपत्रांचे शॉट. एफआयआरचा क्रमांक आणि पोलीस ठाणं एकत्र दिसलं की प्रकरण हाती लागतं. न्यायालयाच्या कागदाच्या कोपऱ्यात सोळा अक्षरांचा सीएनआर क्रमांक, म्हणजे खटल्याचा स्वतःचा ओळखक्रमांक, असतो, तो न्यायालयांच्या ई-कोर्ट संकेतस्थळावर टाकला की खटला उघडतो. शिवाय शिक्के, वकिलाचं नाव, न्यायाधीशांची सही. खऱ्या कागदांवर ब्लर मारत बसण्यापेक्षा त्याच नमुन्याचा कागद नव्याने टंकून तोच चित्रित केला, खाली 'पुनर्रचित' अशी पाटी.

२६ मे

झाकण्याचं काम. मोझेक (चेहऱ्यावर चौकोनांची जाळी) आणि हलका ब्लर दोन्ही बाद: हलत्या चित्रात चौकोनांच्या सरासऱ्या जुळवून चेहऱ्याचा अंदाज बांधता येतो. जिथे माणूस चौकटीत आहे तिथे सपाट रंगाचा ठोस आकार. आकाराला चेहऱ्यामागे हलवणारा ट्रॅकर फसतो तो ठरावीक ठिकाणी: हात चेहऱ्यासमोरून गेला, मान पटकन वळली, माणूस कडेने आत आला. २५ फ्रेमच्या गतीला एक फ्रेम ४० मिलिसेकंदांची. डोळ्याला ती निसटते, थांबवून बघणाऱ्याला पुरते. आकार प्रत्येक कटच्या आधी आणि नंतर बारा फ्रेम वाढवला, कारण डिझॉल्व्ह (एक दृश्य दुसऱ्यात विरघळणं) लावला की कटपलीकडच्या न झाकलेल्या फ्रेम आत ओढल्या जातात. मग एकेक फ्रेम पुढे ढकलत दोघींची स्वतंत्र तपासणी.

१६ जून

घला चेहरा दाखवायचा आहे. 'लपायचं त्याने, मी का?' यावर आमच्याकडे उत्तर नाही आणि असूही नये. सावधगिरीच्या नावाखाली बोलणाऱ्या बाईला जबरदस्तीने अंधारात बसवणं हाही तिच्यावर अन्यायच. समुपदेशक आणि वकील यांच्यासोबत बसून यादी केली: कोण बघेल, मुलीच्या शाळेत काय होईल, पोटगीच्या दाव्यावर काय परिणाम, कामाच्या ठिकाणी काय. कच्चं संकलन तिने दोनदा पाहिलं, मध्ये आठवडाभराचं अंतर ठेवून. लेखी संमती दिली. मुलीचा उल्लेख सगळीकडून काढला. घचा भाग नव्याने, उजेडात चित्रित केला.

७ जुलै

निवेदनातले आकडे. एनसीआरबी नोंदलेले गुन्हे मोजतं, घडलेले नाही, आणि एका एफआयआरमध्ये अनेक गुन्हे असले तर सर्वांत गंभीर तेवढाच मोजला जातो. त्यामुळे 'गुन्हे वाढले' असं म्हणायचं नाही, 'नोंद वाढली' म्हणायचं. नोंद वाढणं ही कधी कधी चांगलीही खूण असते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षण-५ (२०१९-२१) घरोघरी विचारतं, म्हणून घरातल्या हिंसेसाठी तो आकडा: हिंसा सोसलेल्या स्त्रियांपैकी १४ टक्क्यांनीच मदत मागितली. चित्रपटात एवढा एकच आकडा आहे, मोठ्या अक्षरांत, आवाजाविना.

१८ ऑगस्ट

सेन्सॉर प्रमाणपत्रासाठी अर्ज. संवादांची संहिताही द्यावी लागते, ती बदललेल्या मजकुराचीच. महोत्सवासाठी मंत्रालयाकडून सूट मिळते, सार्वजनिक प्रदर्शनाला प्रमाणपत्र लागतंच. अत्याचाराचं नाट्यरूपांतर एकही नाही, त्यामुळे तिथे कात्रीला कारण उरत नाही. आम्ही ते त्यासाठी टाळलेलं नाही. तो प्रसंग दाखवल्याने बघणाऱ्याला काहीही नवं कळत नाही.

१५ सप्टेंबर

प्रदर्शनाआधीची तपासणी. गळती बहुतेक वेळा चित्रपटात होत नाही, त्याच्या कडेला होते:

ट्रेलर आणि पोस्टर मूळ क्लिपमधून काढलेले नाहीत ना. उभ्या रीलसाठी आपोआप कापलेल्या चौकटीत झाकण सरकलं का. उपशीर्षकांची वेगळी फाइल जुन्या मजकुराची तर नाही. अंतिम फाइलच्या मेटाडेटात कॅमेऱ्याचा क्रमांक, जागा, जुनी नावं उरलीत का (मीडियाइन्फो आणि एक्झिफटूल या मेटाडेटा वाचणाऱ्या दोन्ही साधनांनी). श्रेयनामावलीतले आभार: ग्रामपंचायत, शाळा, स्थानिक कार्यकर्ती, तिघांनाही विचारून नावं काढली. चित्रीकरणाच्या दिवसांत युनिटमधल्या कुणी टाकलेले, जागा दाखवणारे फोटो काढायला लावले.

शेवटच्या पाटीवर १८१ (महिला), १०९८ (बालक), ११२ (आपत्कालीन) आणि मोफत कायदेशीर मदतीसाठी १५१०० हे मदतीचे क्रमांक. पाटी आठ सेकंद, पांढऱ्यावर काळी. स्त्रियांना विधी सेवा प्राधिकरणाकडून मोफत वकील मिळतो, उत्पन्नाची अट नाही, हे वाक्य त्याच पाटीवर. पुष्कळांना ते माहीत नसतं.

१३ ऑक्टोबर

पहिलं प्रदर्शन झालं. पाचही जणींना तारीख आठवडाभर आधी कळवली होती. दोघी त्या दिवशी गाव सोडून नातेवाइकांकडे होत्या, तेही आधीच ठरलं होतं. प्रेक्षागृहात फोटोबंदी. 'त्या आज इथे आहेत का?' हा प्रश्न येतोच. उत्तर सगळ्यांनी एकच द्यायचं: 'यावर आम्ही बोलत नाही.' 'नाहीत' असंही म्हणायचं नाही, कारण पुढच्या गावात 'नाहीत' न म्हटल्याचा अर्थ लावला जातो.

ऑनलाइन आल्यावर प्रतिक्रिया मंजुरीनंतरच दिसतील. अंदाजाने लिहिलेलं नावसुद्धा, बरोबर असो वा चूक, लगेच काढायचं. चुकीचं नाव दुसऱ्या कुणाचं तरी घर उद्ध्वस्त करतं. हे काम पहिले तीन महिने रोज, पुढे आठवड्यातून दोनदा. कच्चं चित्रीकरण खच्या खटल्याचा निकाल आणि अपिलाची मुदत संपेपर्यंत वकिलांच्या सल्ल्याने तसंच. त्यानंतर घ सोडून बाकी चौघींचं चित्रीकरण, त्यांना विचारून, पुसून टाकायचं.